वापरकर्ता क्रमांक तीन

१२ मार्च

आत्या,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून हे कागदावर. कागद तुझ्याच्याने फेकवत नाही हे मला ठाऊक आहे. किराणा दुकानाच्या पावतीमागेसुद्धा तू गुणाकार करून ठेवतेस.

तुझ्या खुर्चीत बसून लिहिते आहे. म्हणजे आता माझ्या. ती डावीकडे कलते हे तू मला कधी सांगितलं नाहीस. इतकी वर्षं एका अंगावर कलून तू या रक्तपेढीचा डेटा विभाग चालवलास की काय? ड्रॉवरमध्ये तुझ्या खोकल्याच्या गोळ्या आहेत आणि चष्म्याची एक काडी. कुंडी तेवढी घेऊन गेलीस. माणसं इथेच टाकलीस आणि कुंडी नेलीस.

मला एकदा सांग, मी काय केलं? नोकरी करता करता पुढचं शिक असं कोण म्हणालं? तूच. प्रवेशाचा अर्ज तू भरलास. मी 'आता या वयात कुठे कॉलेज' म्हणून रडगाणं गात होते, तेव्हा तू त्या लाडाच्या नावाने हाक मारून म्हणालीस, "शिक, खारे, आणि माझ्या डोक्यावर येऊन बस." बसले. तर तू उठून निघून गेलीस, तेही थेट गाव सोडून मैत्रिणीकडे. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण'. अगं, तुला सल्लागार म्हणून ठेवत होते की. खुर्ची गेली म्हणून इतका राग? बाबांना विचारलं तर ते म्हणतात, एक माझी बहीण, एक माझी मुलगी, दोघी आकडेवाल्या, मला तुमच्या वजाबाकीत घेऊ नका.

प्रमुख होणं म्हणजे काय ते आता कळतंय. हाताखाली पाच माणसं, त्यातली तिघं माझ्याहून मोठी. मी आता आकड्यांना हात लावत नाही, आकड्यांबद्दल बोलते. सकाळी एका बैठकीत काल काय झालं ते सांगते आणि दुपारी दुसऱ्या बैठकीत सकाळी काय सांगितलं ते सांगते. अभ्यासक्रमात 'नेतृत्व' नावाचा एक पेपर होता. त्यात पैकीच्या पैकी होते मला. त्या पेपरात माणसं नव्हती, हे आता लक्षात येतंय.

पण एक बातमी अशी आहे की ऐकून तुझा राग पळेल. माझं मॉडेल. प्रबंधासाठी बनवलेलं, आणि तूच भांडून इथे लावून घेतलेलं. उद्या कोणत्या रुग्णालयाला रक्ताच्या किती पिशव्या लागतील ते सांगणारं. त्याची अचूकता शहाण्णव टक्क्यांच्या पुढे जाता जात नव्हती, आठवतंय? त्याचं कारण मी शोधून काढलं होतं. कोणीतरी रोज सकाळी मॉडेलचे थोडे आकडे हाताने बदलत होतं. नोंदीत नाव येत नाही, नुसता वापरकर्ता क्रमांक तीन. 'बदलाचे कारण' या रकान्यात काही लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तर या महाभागाने प्रत्येक ठिकाणी फक्त एक टिंब दिलेलं. त्या बैठकीत तू होतीसच, मी अहवालात लिहिलं होतं की ही ढवळाढवळ थांबवावी. संचालकांनी थांबवली. ती प्रत्यक्षात थांबली तू गेल्यानंतर. आणि गेल्या आठवड्याची अचूकता किती आली असेल?

शंभर.

संचालकांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. आता सगळ्या शहरांतल्या रक्तपेढ्यांना हेच मॉडेल लावायचं, आणि त्या सगळ्यांवर मुख्य विश्लेषक म्हणून मला नेमायचं, असा प्रस्ताव पुढच्या महिन्यात मंडळासमोर आहे. मी आधी तुला सांगायला फोन उचलला, आणि तू उचलला नाहीस.

तुझी,
खार


२० मार्च

आत्या,

हे पत्र घाईत लिहितेय, तेव्हा अक्षराबद्दल बोलू नकोस.

आज चष्मेवाली माझ्या खोलीत आली. ती आपली सगळ्यात नवी विश्लेषक, तूच मुलाखत घेतलेली. जुनी लॉगिन बंद करायचं काम तिच्याकडे होतं. दारातूनच म्हणाली, "मॅडम, तीन नंबर कायमचा बंद करू ना? मोठ्या मॅडमचा?"

मी म्हटलं, कुठला तीन नंबर.

ती म्हणाली, वापरकर्ता तीन. मोठ्या मॅडम.

मी तिच्या हातातली यादी ओढून घेतली आणि ती ओळ तीनदा वाचली. तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये, तिने पंखा वाढवला.

तू? अहवाल वाचला गेला त्या बैठकीत तू माझ्या शेजारी बसली होतीस. मी मोठ्या आवाजात वाचत होते: 'वापरकर्ता तीनचा हस्तक्षेप हाच मॉडेलच्या चुकांचा एकमेव स्रोत आहे.' माझा घसा सुकला तेव्हा पाण्याचा ग्लास तू पुढे केलास. मी तो प्यायले आणि पुढचं वाक्य वाचलं. आणि संचालकांना माहीत होतं, मी आज विचारलं त्यांना. ते म्हणाले, आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे, आम्ही तर तुमच्या धैर्याचं कौतुक करत होतो.

माझं धैर्य. ऐकलंस? सख्ख्या आत्याला भर सभेत चूक ठरवणारी म्हणून माझं नाव झालंय इथे, आणि मला पत्ताच नाही.

मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. तिसरा क्रमांक कोणाचा हे मी विचारलं नाही, कारण आमच्यात विचारत नाहीत. डेटात माणसाचं नाव शोधायचं नसतं, असंच शिकवतात. तूही मला तेच शिकवलंस. पण तू तर मला ओळखत होतीस. तू कोपराने ढोसलं असतंस तरी मी थांबले असते. तू मला वाचू दिलंस. का?

आणि माझ्या मॉडेलचे आकडे का बदलत होतीस? तूच ते इथे आणलंस आणि तूच पाठीमागून पाय ओढलेस? मी दिवसभर याचाच विचार करतेय आणि मला एकही उत्तर असं सापडत नाही, जे मला आवडेल.

खार


२ एप्रिल

आत्या,

ती वाचली. हे आधी लिहिते.

टेकडीवरच्या लहान रुग्णालयात परवा एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. तिला लागणाऱ्या गटाच्या तिथे दोन पिशव्या होत्या. दोन पुरल्या नाहीत. आमची गाडी घाट चढून जाईपर्यंत तिथल्याच दोघांनी हात पुढे करून रक्त दिलं. तोवर डॉक्टरांना तिचं गर्भाशय काढावं लागलं. पंचविशीतली आहे. पहिलंच मूल.

तिथल्या सिस्टरचा फोन मला जोडून दिला. मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "त्या सकाळच्या बाई कुठे गेल्या हो?"

मी विचारलं, कोण सकाळच्या.

"रोज सात वाजायच्या आत फोन करायच्या. काय बायांनो, आज कोण-कोण अवघड आहे, असं विचारायच्या. आम्ही सांगायचो, मग तेवढं यायचं. आता कोणी विचारतच नाही. आम्ही आपणहून केला तर तुमचा माणूस म्हणतो, आकडा वरून ठरतो."

फोन ठेवला आणि मी त्या रुग्णालयाची त्या दिवसाची नोंद उघडली. अंदाज: दोन. पाठवल्या: दोन. अचूकता: शंभर टक्के. हिरव्या रंगात.

आत्या, मी ती नोंद बंद करून पुन्हा उघडली. ती बाई तिथे मरणाच्या दारात होती आणि माझ्या पडद्यावर हिरवा रंग होता.

तुला हे आधीपासून माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझा माझ्यावर विश्वास बसत नाही. अंदाज बरोबर आला की नाही हे पाहायला मी तो कशाशी ताडून बघत होते? 'पाठवल्या' या रकान्याशी. रुग्णालयाला खरोखर किती लागल्या याचा रकानाच आपल्याकडे नाही. ते फोनवर मागतात, तोंडी. प्रबंध लिहिताना मी दोन-चार रुग्णालयांत जाऊन बघितलं होतं, जेवढ्या पाठवल्या तेवढ्याच लागलेल्या असायच्या, म्हणून मी दोन्ही एकच धरलं. ते तेव्हा एकच होतं, कारण तू विचारून पाठवायचीस. मग मॉडेल लागलं. मॉडेल सांगेल तेवढ्या पिशव्या जाऊ लागल्या. आणि मी रोज ताडून बघत होते की मॉडेलने जेवढं सांगितलं तेवढं गेलं का. जाणारच ना. मी स्वतःच प्रश्न काढत होते, स्वतःच उत्तर लिहीत होते आणि स्वतःलाच शाबासकी देत होते. परीक्षकांच्या समोर हे गेलं, संचालकांसमोर गेलं, बक्षीस मिळालं त्याला. एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

आणि ते चार टक्के. ज्यांना मी चुका म्हणत होते. आज दिवसभर बसून ते एकेक बघितले. बहुतेक टेकडीचे, थोडे प्रसूतिगृहाचे, थोडे जळालेल्या रुग्णांच्या वॉर्डचे. ते सगळे तुझे फोन होते. या सगळ्या यंत्रात तेवढेच चार टक्के होते, जिथे आपण माणसाला विचारून रक्त पाठवत होतो. ते मी शोधून काढून बंद केले आणि त्याबद्दल मला ही खुर्ची मिळाली.

चष्मेवालीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही तसेच गार झाले.

खार


९ एप्रिल

आत्या,

आज मला तुझ्यावर राग आहे, आणि तो मी गिळणार नाही.

एक टिंब. प्रत्येक ठिकाणी एक टिंब. 'सिस्टरला विचारलं' एवढे दोन शब्द लिहायला तुझी बोटं झिजली असती का? मला बाराखडीसारखं पाठ करून घेतलंस की आकड्यापाठी कारण नसेल तर तो आकडा नाही, नुसता आवाज आहे. आणि स्वतः? तुला वाटायचं की रकाने भरणं हे कारकुनी काम आहे आणि तुझा शब्द पुरेसा आहे. पुरत होता, तू होतीस तोवर. उद्या तू नसशील तर काय, हा विचार केलास कधी? प्रमुख होतीस तू इथली. मी नेतृत्वात नापास झाले असेन, पण माझी शिक्षिका कोण होती?

आणि त्या बैठकीत तू का बोलली नाहीस, त्याचं उत्तर मला बाबांनी दिलं. तुझा निरोप नव्हता तो, त्यांचा अंदाज होता. म्हणाले, तिला वाटलं असेल पोरीने सगळं ठरवून केलंय, आणि ठरवून केलं असेल तर मग बोलायचं काय? मी म्हटलं, म्हणजे तिनेही विचारलं नाहीच की. बाबा म्हणाले, तुमचं घराणंच तसलं. हे म्हणताना ते स्वतःला त्या घराण्यातून अलगद बाहेर काढतात, तुला माहीत आहे.

मंडळाची बैठक पंधराला आहे. संचालकांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "शंभर टक्के आले असताना तक्रार नेमकी काय आहे?" मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, सुधारणा पुढच्या टप्प्यात करू, आत्ता प्रस्ताव जाऊ द्या. तुमची नेमणूकही त्यातच आहे, विसरू नका.

विसरलेले नाही. खरं सांगते, मला ती जागा हवी आहे. या वयात कॉलेजच्या बाकावर पोरांच्या मांडीला मांडी लावून बसले ते त्यासाठीच. पण उद्या सगळ्या शहरांत ते मॉडेल लागलं तर जिथे-जिथे एखादी टेकडी आहे तिथे-तिथे हिरवा रंग दिसेल. ही भीती मला झोपेतून उठवते.

गप्प बसले तर ती जागा माझी. बोलले तर बहुधा हीसुद्धा जाईल. तू असतीस तर विचारलं असतं. नाहीस, म्हणून लिहून ठेवते: मी बोलणार आहे.

खार


१५ एप्रिल

आत्या,

झालं.

मंडळाचे चौदा जण. सकाळी मी चहाच्या खोलीतल्या मावशींना सांगितलं, आत नऊ कप पाठवा. त्या म्हणाल्या, चौदा माणसं आहेत, मी मोजलीत. मी म्हटलं, नऊच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की प्रमुख झाल्यावर बाईचं डोकं फिरतं हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

नऊ कप आत गेले. मी उभी राहिले आणि पहिलीच चौकट पडद्यावर लावली. चहाचा अंदाज: नऊ. पाठवले: नऊ. अचूकता: शंभर टक्के.

काही जण हसले. खजिनदार टेबलाच्या टोकाला बसले होते. ते म्हणाले, "अहो, पण मला चहा आलाच नाही."

मी म्हटलं, "ते लिहायला आमच्याकडे जागाच नाही, सर."

ते अजून हसतच होते. मग मी दुसरी चौकट लावली. तिच्यात टेकडीवरचं रुग्णालय होतं. अंदाज दोन, पाठवल्या दोन, शंभर टक्के. आणि तिथे त्या दिवशी काय झालं ते सांगितलं. बाळाबद्दल सांगितलं, गर्भाशयाबद्दल सांगितलं. माझा आवाज फाटला, तो फाटू दिला. अध्यक्षबाईंच्या हातात कप होता, तो त्यांनी खाली ठेवला आणि परत उचलला नाही. संचालक समोरच्या कागदावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

अध्यक्षबाईंनी विचारलं, हे आधी कोणाच्या लक्षात आलं होतं का? मी म्हटलं, हो, वापरकर्ता तीनच्या. आणि तू कोण, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्या बोलल्या का नाहीत? मी म्हटलं, मी महिनाभर त्यांना पत्रातून हेच विचारतेय.

प्रस्ताव रद्द झाला. सगळ्या शहरांवरची ती जागा निघण्याआधीच बुडाली. हा विभाग चौकशी होईपर्यंत माझ्याकडे, 'हंगामी' असा शब्द लावून. दारावरच्या पाटीवर तो चिकटवायला माणूस आला तेव्हा मी त्याला टेप कापून दिली. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, मोठ्या मॅडमना परत बोलवा. त्या म्हणाल्या, राजीनामा लेखी आहे, फाइल बंद आहे. आता तेवढं मात्र या संस्थेत लेखी असतं.

जाताना खजिनदार माझ्यापाशी थांबले. मला वाटलं काही मोठं बोलतील. म्हणाले, "आता तरी चहा मिळेल का?" मावशींनी आधीच पाच कप आणून बाहेर ठेवले होते.

खार


२९ एप्रिल

आत्या,

नवा रकाना झाला. 'मागितल्या.' चष्मेवालीने केला, एका दुपारचं काम होतं. अचूकता आता सत्तरीत आली आहे आणि रोज थोडी लाल असते. संचालक माझ्याशी जिन्यातही बोलत नाहीत. 'कारण' या रकान्यात आता टिंब चालत नाही, वाक्य लिहावं लागतं. ती सोय खास तुझ्या आठवणीखातर केली आहे.

रोज सकाळी सात वाजायच्या आत मी स्वतः फोन करते. प्रमुखाने फोन करायचे नसतात, असं मला तिघांनी सांगून झालं. मी त्यांना सांगितलं, मला विचारायला शिकायचंय, ते पेपरात नव्हतं. प्रसूतिगृह, जळितांचा वॉर्ड, मोठं रुग्णालय, सगळीकडे पटकन लागतो. फक्त टेकडीचा लागत नाही. रोज त्या वेळी तो फोन गुंतलेला. मी पुन्हा लावते, मग लागतो.

आज मी सिस्टरना विचारलं, इतक्या सकाळी तुम्ही कोणाशी बोलत असता?

त्या म्हणाल्या, "त्या सकाळच्या बाईंचाच असतो. त्यांनी फोन करणं पुन्हा सुरू केलंय ना, आठ-दहा दिवस झाले."

मी म्हटलं, त्या आता इथे नाहीत.

"ते आम्हाला माहीत आहे. त्या पिशव्यांचं काही विचारतच नाहीत. एवढंच विचारतात, आमची खार रोज फोन करते का? आवाज कसा येतो तिचा? जेवते का वेळेवर, असंसुद्धा विचारलं एकदा. आम्हाला काय माहीत? अहो, पण ही खार कोण?"

माझ्या हातात पेन होतं आणि समोर तो रकाना होता. आकड्याच्या जागी मी 'खार' लिहून ठेवलं. सिस्टर हॅलो हॅलो करत राहिल्या.

मी म्हटलं, मी आहे.

आत्या, डोंगरावरच्या एका परक्या बाईला तू रोज विचारतेस, आणि मला विचारत नाहीस. बाबा म्हणतात ते खरं आहे, आपलं घराणंच तसलं. पण मी त्यातून बाहेर पडायचं ठरवलंय. उद्या सकाळी टेकडीचा फोन मी नंतर लावणार आहे. त्याआधी तुझा लावणार आहे. तुला काय हवंय ते मला विचारायचं आहे.

फोन उचल.

तुझी,
खार